पाणी उतारावर, माणसे चढावर

अर्जुनी मोरगाव मागे टाकून गोठणगावच्या वाटेला लागले, की धानाच्या बांध्या हळूहळू विरळ होत जातात, रान दोन्ही अंगांनी रस्त्याजवळ सरकू लागते, आणि आता पुढे केवळ अरण्यच असणार अशी मनाची समजूत होते न होते तोच गाढवी नदीचे अडविलेले विस्तीर्ण पाणी एकाएकी डोळ्यांपुढे पसरते. हेच इटियाडोह. नावातला ‘डोह’ हा शब्द नदीच्या पात्रातील खोल, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या पाण्याचा निर्देश करतो, आणि धरण होण्यापूर्वी या खोऱ्यात राहणाऱ्यांना नदीची ओळख होती ती अशाच डोहांवरून, उतारांवरून आणि गुरे पाण्यावर नेण्याच्या वाटांवरून. आज तो सारा भूगोल पाण्याच्या एका अखंड पृष्ठाखाली गेलेला आहे.

सुमारे ३० मीटर उंचीचे आणि ५०० मीटरांहून थोड्या अधिक लांबीचे हे मातीचे धरण १९७० च्या सुमारास पूर्ण झाले. तीनशे दशलक्ष घनमीटरांहून अधिक पाणी साठविणाऱ्या या जलाशयाचे कालवे आज गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतील शेतांना भिजवितात. आणि खाली लाखांदूर, देसाईगंज, आरमोरीकडच्या शेतकऱ्याच्या शेतात खरिपाची रोवणी वेळेवर होते, पाऊस ओढ देतो तेव्हाही धान उभे राहते, याचे श्रेय निःसंशय या पाण्याचे आहे. ते श्रेय नाकारण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तहानलेल्या बांधीत पाणी शिरताना ज्याने पाहिले आहे, त्याच्या तोंडून धरणाची निंदा सहसा निघत नाही. परंतु पाण्याचा धर्म उताराकडे धावण्याचा आहे, आणि धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला तो धर्म येत नाही. ज्याची नदीकाठची काळी, खोलगट जमीन बुडाली त्याला मागे, चढावर, जंगलाच्या कडेला सरकावे लागते. आणि ज्या पाण्यासाठी त्याने जमीन दिली ते पाणी त्याच्या पायांखालून निघून मैलोगणती दूरच्या शेतात पोचते. धरणशास्त्राच्या दृष्टीने यात काही वावगे नाही, कारण कालव्याचे पाणी आपोआप चढावर जात नाही. न्यायाच्या दृष्टीने मात्र प्रश्न येथूनच सुरू होतो.

इटियाडोहसाठी जमिनी संपादित झाल्या त्या काळी अंमल होता १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा. त्या कायद्याची दृष्टी सरळ होती आणि अरुंदही होती: दप्तरात ज्याचे नाव आहे त्याला जमिनीचा मोबदला, आणि मोबदला दिला की व्यवहार संपला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, पण जो तीन पिढ्या त्याच रानातून मोहफूल, तेंदूपत्ता, डिंक आणि चारोळी वेचून वर्षाचे चार महिने काढतो, त्याचे काय बुडाले हे मोजण्याचे माप त्या कायद्यापाशी नव्हते. जो ढिवर नदीच्या डोहात जाळे टाकतो, जो गोवारी गावाची गुरे रानात राखतो, त्यांच्या चरितार्थाची नोंद कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ मध्ये. तेव्हा गाढवीचे पाणी अडून काही वर्षे लोटली होती. पुनर्वसन हा शब्द कायद्याच्या भाषेत येण्यापूर्वीच ज्यांचे विस्थापन होऊन गेले, त्यांची ही पिढी आहे.

हा अन्याय धरणाने निर्माण केला असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. त्याची मुळे अधिक खोल आहेत, आणि ती शोधण्यासाठी मालगुजारीच्या दप्तरापर्यंत जावे लागते. गोंड राजांच्या अमदानीत या प्रदेशात तळी बांधण्याला राजाश्रय होता. कोहळी समाजाने त्या कलेत असे नैपुण्य मिळविले, की जवळच असलेला नवेगाव बांध हा अफाट तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने आजही ओळखला जातो. तळे, त्याखालची शेती, शेतीमागचे रान आणि रानातला चारा ही एकाच गृहस्थीची अंगे होती. इंग्रजांचा अंमल आल्यावर मध्य प्रांतात १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजार हा गावाचा मालक ठरला, आणि गावकऱ्यांच्या वाट्याला आला तो ‘निस्तार’. निस्तार म्हणजे घरासाठी लाकूड, चुलीसाठी सरपण, गुरांसाठी चराई, औतासाठी दांडा, हे सारे गावच्या रानातून घेण्याचा वहिवाटीचा अधिकार. तो वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात लिहिला जाई. गोंडांचे राज्य गेले, जमिनीची मालकी गेली, तरी रानाचा आधार असा अर्धामुर्धा का होईना उरला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये मालगुजारांची गावे, तळी व रानेही सरकारात जमा झाली. मालगुजाराच्या जाचातून कूळ मोकळे झाले, ही गोष्ट निर्विवाद इष्ट होती. पण त्याच फटक्यात गावाचे रान वनखात्याच्या अखत्यारीत आणि गावाचे तळे पाटबंधाऱ्याच्या अखत्यारीत गेले. ज्या तळ्याचा गाळ गावकरी स्वतः काढीत, ते आता ‘माजी मालगुजारी’ या नावाने सरकारी यादीत चढले. अशी सहा हजारांहून अधिक तळी पूर्व विदर्भात आहेत, आणि लोक त्यांना आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ म्हणतात. निस्तार पत्रके तयार झाली खरी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना स्थान आहे. तथापि त्याच संहितेत मासेमारीचा वहिवाटीचा हक्क नोंदवायचा तो केवळ सरकारच्या मालकीत वा व्यवस्थेत नसलेल्या पाण्याचा. तळे सरकारी झाले, नदी धरणात गेली, आणि ढिवराच्या हक्काची नोंद करायला पाणीच उरले नाही.

या दप्तरातील आणखी एक शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण महाराष्ट्राच्या इतर भागांतील वाचकांना तो बहुधा अपरिचित असेल. ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील जुन्या महसुली नोंदीत, ज्या जमिनीवर मोठे झाड नाही, पीकही नाही, केवळ झुडपे आहेत, तिच्यापुढे हा शेरा मारलेला असे. ही बहुतेक गावाची चराईची, गुरे बसण्याची, सरपणाची जमीन होती. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर हा शेरा असलेली जमीन वन आहे की महसुली, याविषयी साडेचार दशके वाद चालला. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच होय असा निर्णय दिला, आणि सुमारे ८६ हजार हेक्टरांचा प्रश्न कायद्यापुरता सुटला. अव्वल इंग्रजीतल्या एखाद्या कारकुनाने लिहिलेल्या दोन शब्दांवर शंभर वर्षांनंतर हजारो कुटुंबांची घरे, शाळा आणि स्मशाने तोलली जावीत, ही गोष्ट मला अत्यंत विषण्ण करते.

आणि जो ही जमीन कसतो त्याचेही नाव दप्तराने ठेवले आहे: ‘जबरानजोत’. जबरीने केलेली जोत, म्हणजे बळजबरीने केलेली लागवड. नदीकाठची बांधी बुडाल्यावर चढावरची चार एकर झुडपे तोडून ज्याने नवी बांधी घातली, तो या शब्दाने एका क्षणात शेतकऱ्याचा गुन्हेगार होतो. १९७८ च्या डिसेंबरात राज्य शासनाने अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला होता. पण ज्यांचे कागद वेळेत पुरे झाले नाहीत त्यांच्यापुढे १९८० चा कायदा भिंतीसारखा उभा राहिला. येथे ऑस्ट्रेलियातील एका निकालाची आठवण होते. तो खंड इंग्रज येण्यापूर्वी कोणाच्याच मालकीचा नव्हता, या कल्पनेवर तेथील जमिनीचा कायदा दोनशे वर्षे उभा होता. १९९२ मध्ये माबो खटल्यात तेथील उच्च न्यायालयाने ती कल्पना मोडीत काढली आणि मूळ रहिवाशांचा हक्क हा कोणी दिलेला नसून पूर्वीपासूनचा आहे हे मान्य केले. आपल्याकडे जमीन निर्जन होती असे कोणी म्हटले नाही. पडीक, झुडपी, जबरानजोत असे शेरे मारून आपण निराळ्या वाटेने त्याच मुक्कामी पोचलो.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर या प्रदेशाच्या नावाकडेही पाहिले पाहिजे. वैनगंगेच्या खोऱ्यातील या भागाला झाडी, झाडीमंडळ किंवा झाडीपट्टी म्हणतात, आणि ते नाव महानुभावांच्या वाङ्मयाइतके जुने आहे. म्हणजे मराठी गद्याच्या उषःकालीच या रानाची नोंद झाली होती. तरीही पुण्या-मुंबईकडच्या बोलण्यात, आणि कित्येकदा नागपूरच्याही बोलण्यात, ‘झाडीतला’ हा शब्द भोळसट, अडाणी, मागे पडलेला अशा अर्थाने वापरला जातो. येथला माणूस डोळ्याला ‘डोरा’ म्हणतो, पाण्याला ‘पानी’ म्हणतो. त्याच्या बोलीत ळ आणि ण हे वर्ण नाहीत. ही व्याकरणाची साधी गोष्ट आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचून या बोलीचे शास्त्र सिद्ध केले आहे. पण तालुक्याच्या कचेरीत तीच बोली ऐकू आली, की समोरच्याला काही कळत नाही अशी समजूत आधीच होऊन बसते. वडसा, म्हणजे देसाईगंज येथे दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके चालतात, सहस्रावधी प्रेक्षक थंडीत घोंगडी पांघरून बसतात. २०२३ मध्ये डॉ. परशुराम खुणे यांना या रंगभूमीच्या सेवेबद्दल पद्मश्री मिळाली. मराठी रंगभूमीच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या किती शहरी रसिकांना हे ठाऊक असते?

या पूर्वग्रहाचा जमिनीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. जो प्रदेश मागासलेला आहे अशी आपली धारणा असते, त्याला आपण काहीतरी देऊ पाहतो: योजना, अनुदान, रस्ता, आश्रमशाळा. त्याचे काही आपण घेतले आहे काय, हा प्रश्न मनात येतच नाही.

विकासाच्या असमतोलाची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक काढला आणि त्यांतील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा असल्याचे दाखविले. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. दांडेकरांचे काम त्या काळाच्या मानाने मोठेच होते, आणि आकड्यांच्या बळावर उपेक्षेला वाचा फोडण्याची रीत त्यांनी घालून दिली. परंतु त्या मापनाचा घटक होता जिल्हा. तेव्हा आजच्या गोंदियासह एकच असलेल्या, तलावांचा जिल्हा म्हणून ख्याती पावलेल्या भंडाऱ्याचे सिंचन राज्याच्या सरासरीहून वर होते, आणि इटियाडोहचे कालवे त्या सरासरीत भरच घालीत होते. म्हणजे गाढवीच्या खालच्या अंगाची प्रत्येक भिजलेली बांधी, वरच्या अंगाच्या कोरड्या टोल्याच्या वतीने कागदावर समाधान व्यक्त करीत होती. सरासरी हा हिशेबाचा उपयुक्त प्रकार आहे, पण धरणाच्या दोन अंगांची सरासरी काढणे म्हणजे ज्याने दिले आणि ज्याला मिळाले त्यांना एकच माणूस समजणे होय.

आता मी ज्या गोष्टीपाशी येतो आहे ती मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. इटियाडोहच्या पलीकडे थोड्याच अंतरावर गडचिरोली जिल्ह्याची हद्द लागते, आणि तेथे कुरखेडा व त्यातून पुढे वेगळा झालेला कोरची हे तालुके आहेत. हद्दीच्या अलीकडे गोंड, हलबा, कवर राहतात; पलीकडेही तेच राहतात. सोयरीक या हद्दीवरून होते, माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या जत्रेला दोन्हीकडची माणसे जातात, गोंडांचा आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो याचे नाव दोन्हीकडे सारख्याच श्रद्धेने घेतले जाते. पण संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे ठरविणाऱ्या १९८५ च्या आदेशात कुरखेडा आहे, आणि त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या गोंदियातील, एकही गाव नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे विशेष अधिकार दिले, भूसंपादनापूर्वी तिच्याशी विचारविनिमय करण्याचे जे बंधन घातले, गौण वनोपजावर जी मालकी मान्य केली, ते सारे पलीकडच्या गावाला लागू होते. अलीकडच्या गावाला होत नाही. कोरचीच्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली आणि झेंडेपारच्या लोहखनिजाच्या खाणीसंबंधी आपले म्हणणे ताठ मानेने मांडले, त्याच्या मागे त्यांचे संघटन तर आहेच, पण ही कायद्याची पाठराखणही आहे.

आणि गोंदियाला सरकार आदिवासी मानीत नाही, असेही नाही. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय देवरीला आहे. आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १६ टक्के होते, गडचिरोलीत ते ३८ टक्क्यांच्या वर होते. देवरी-सालेकशाच्या डोंगराळ पट्ट्यातील दाट आदिवासी वस्ती जिल्ह्याच्या सरासरीत विरघळून गेली आहे. पुन्हा तीच सरासरी! लाभ वाटताना आदिवासी म्हणून ओळखला जाणारा माणूस, निर्णय घेण्याचा अधिकार मागताना केवळ एका साध्या जिल्ह्याचा रहिवासी ठरतो. या अनुसूचीची फेरतपासणी झाली पाहिजे, गाव हा घटक धरून झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर हाती असलेले साधन म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. तो अनुसूचित क्षेत्राची अट घालीत नाही, म्हणून गोंदियासाठी त्याचे मोल अधिक. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या दीर्घ तपश्चर्येचे ते फळ होते. त्या वाऱ्याची झुळूक गोंदियातही आली. देवरी व अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील ग्रामसभांनी सामूहिक दावे केले, हक्क मिळविले, आणि ठेकेदाराच्या फळीवर तेंदूपत्त्याची पुडकी मोजून देणारे हात आता स्वतःच्या ग्रामसभेचा हिशेब लिहितात.

या कायद्यात दोन-तीन तरतुदी अशा आहेत, की त्या इटियाडोहच्या काठावर बसून लिहिल्या असाव्यात असे वाटते. कलम ३ मध्ये जलाशयातील मासे व इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. जमीन महसूल संहितेने ढिवराला जे नाकारले ते येथे मागता येते. त्याच कलमात, वनजमिनीवरून बेकायदा हुसकावलेल्यांना किंवा पुनर्वसनाचा कायदेशीर लाभ न मिळता १३ डिसेंबर २००५ पूर्वी विस्थापित झालेल्यांना पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्क आहे. कायद्याच्या प्रास्ताविकेत ऐतिहासिक अन्याय हा शब्द आहे, तो या तरतुदींमुळे सार्थ होतो. पण अंमलबजावणीची वाट बिकट आहे. जे अनुसूचित जमातीचे नाहीत अशा ढिवर, गोवारी, दलित कुटुंबांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनावरील अवलंबित्वाचा पुरावा द्यावा लागतो. ही मुदत १९३० पर्यंत मागे जाते. ज्या कुटुंबाचे जुने गावच पाण्याखाली गेले आहे, त्याने १९३० चा पुरावा कोठून आणावा? जुने देऊळ, जुनी विहीर, पूर्वजांचे दगड हे सारे नियमांना मान्य असलेले पुरावे आहेत, आणि ते सारे डोहात आहेत.

जुन्या चुकीपासून आपण शिकलो असे म्हणावे, तर नवेगावचा अनुभव आड येतो. नवेगाव राष्ट्रीय उद्यानातील कवलेवाडा, कालीमाती आणि झंकारगोंदी ही तीन गावे वाघाच्या अधिवासासाठी हलवून सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामनगर येथे वसविण्यात आली. या वेळी पुनर्वसनाचा कायदा होता, निधी होता, योजना होती. तरीही कबूल केलेल्या सोयी पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून ती माणसे पुढे पुन्हा आपल्या जुन्या गावांच्या जागी जंगलात परतून बसली. वाघाचे रक्षण मला प्रिय आहे. पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन, लेकरांसह, निर्मनुष्य झालेल्या गावठाणात परत जाणाऱ्या माणसांचे चित्र पाहून ज्याच्या काळजात कालवाकालव होत नाही, त्याने विकासाच्या योजना आखू नयेत.

गोठणगावच्या परिसरात, प्रतापगडाच्या जवळ, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. त्यांनाही भूमी सोडावी लागली, आणि या राज्याने त्यांना येथे शेतीला व घराला जमीन दिली. ते योग्यच केले. ज्या गडाच्या पायथ्याशी महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि तेथल्या दर्ग्यावरही भाविकांची रीघ लागते, त्या गडाच्या सावलीत प्रार्थनेच्या रंगीत पताका फडकताना दिसतात तेव्हा या मातीच्या आतिथ्याचे कौतुकच वाटते. दुरून आलेल्या निराश्रिताला एक आखलेली, मोजलेली, नाव असलेली जागा देता येते, हे या भूमीने दाखवून दिले आहे. मग याच भूमीच्या पोटातून उठविलेल्यांसाठी ते अशक्य का असावे?

उन्हाळा चढू लागतो आणि कालव्यांतून पाणी सुटत जाते, तसतसा इटियाडोहचा काठ मागे सरतो आणि खालून काळीभोर, ओलसर जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती सरकारची जमीन. पावसाळ्यात पाणी चढेपर्यंतच ती कसता येते, आणि ती एकसाली पट्ट्याने देताना ज्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या त्यांना अग्रक्रम द्यावा, असा नियम आहे. ज्याच्या आजोबांची बांधी तेथे होती, तो त्या पट्ट्यासाठी अर्ज करतो, रक्कम भरतो, आणि आषाढात पाणी परत येईपर्यंत आपल्याच आजोबांच्या मातीत पीक घेतो.